इंटेक्स एक्सप्लोरर के2 : कोल्हापूरच्या लहान तलावांवर ही हवेची कयाक कितपत चालते?

आधी निकाल, मग कारणं. एक मोठं माणूस आणि एक लेकरू, ऑक्टोबर ते फेब्रुवारीतली सकाळ आणि न वाहणारं, आटोपशीर पाणी. एवढ्या तीन गोष्टी जुळल्या तर ही कयाक पैसे वसूल करते. यातली एक जरी सुटली तरी तिच्या उणिवा एकेक करून पुढे येतात. नदीसाठी ही होडी नाही, मोठ्या धरणाच्या पाण्यासाठीही नाही. आई, बाबा आणि दोन पोरं एकाच फेरीत बसवायची असतील तर मुळीच नाही.

हातात काय येतं ते पाहू. हवा भरल्यावर लांबी 312 सेंटिमीटर, रुंदी 91 आणि उंची 51. कंपनीने दिलेली भार मर्यादा 180 किलो. सोबत हवा भरायच्या दोन सीट, 218 सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची दोन वल्ही, हातपंप, तळाला लावायचा काढता पंखा (फिरणारा नव्हे, माशाच्या परासारखी उभी पट्टी) आणि ठिगळाचा तुकडा. सगळं मिळून वजन 15 किलोच्या घरात, म्हणजे लहान गाडीच्या डिकीत आरामात मावतं. खोक्यात एक गोष्ट नसते, जीवरक्षक जाकीट. ती सगळ्यात आधी घ्यायची. त्याबद्दल पुढे सविस्तर आहेच.

91 सेंटिमीटर रुंदी ही या होडीची ताकद आणि तीच तिची मर्यादा. रुंद तळामुळे ती सहजी कलंडत नाही. पोरगं एका बाजूला वाकून पाण्यात हात घालू लागलं तरी तोल राहतो. पण रुंद आणि हलकी होडी पाणी कापत नाही, पाण्यावरून सरकते. गुऱ्हाळाची काहील पाण्यात टाकून वल्हवणं आपल्याकडच्या नदीकाठच्या गावांना नवीन नाही. काहील बुडत नाही, पण वल्हं मारलं की जागेवर गिरकी घेते. के2 अर्थातच काहिलीपेक्षा लांब आहे, तरी स्वभाव थोडा तसाच. उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे वळतं. ते रोखायचं काम तळाचा पंखा करतो. तो घरी विसरला तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नये. अर्धा तास वल्हवूनही होडी नागमोडीच जाते, दंड भरून येतात आणि पोरांचा उत्साह मावळतो.

आता भाराचा हिशेब. 180 हा आकडा मोठा वाटतो म्हणून इथेच चूक होते. 72 किलोचे वडील, 60 किलोची आई, 22 किलोचं पोरगं, शिवाय पाणी, पिशवी आणि ओले कपडे मिळून 6 किलो. झाले 160. कागदावर 20 किलो शिल्लक आहेत, पण होडी बरीच खाली बसते, पाण्यावर उरलेली भिंत कमी होते आणि वाऱ्याची साधी लाटही आत शिंपडते. जागेचाही प्रश्न आहे. सीट दोनच, त्यामुळे पोरगं मागच्या माणसाच्या पायांमध्ये बसतं आणि वल्ह्याच्या दर फेऱ्याला त्याच्या डोक्याची काळजी घ्यावी लागते. आमचं मत स्पष्ट आहे. मर्यादेच्या 80 टक्के, म्हणजे 144 किलोच्या वर जाऊ नये. एक मोठा आणि एक लहान मिळून सामानासकट 100 ते 110 किलो भरतात, तेव्हा ही होडी सर्वांत छान चालते. चौघांचं घर असेल तर दोघं पाण्यात आणि दोघं काठावर, वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या. काठावरचं मोठं माणूस नुसतं वाट पाहत बसत नाही, त्याच्या हातात दोरी असते आणि डोळे होडीवर.

हवा भरणं हे या होडीचं अर्धं शास्त्र आहे. आधी जागा. काठावर सराटे, बाभळीचे काटे, फुटक्या बाटल्या असतात, म्हणून जाड ताडपत्री किंवा जुनी चटई अंथरून त्यावरच होडी उलगडायची. चपला ताडपत्रीबाहेर. तळव्यात रुतलेला खडा होडीच्या तळाखाली आला की भोक पडतं आणि ते पाण्यात गेल्यावरच कळतं. पंखा लावायची जागा होडी मऊ असतानाच तपासून घ्या. काही जणांना पूर्ण भरलेल्या होडीला पंखा बसवणं जड जातं.

बाजूच्या कप्प्यांच्या झडपा दुहेरी असतात. वरचं झाकण उघडलं की हवा आत जाते, बाहेर येत नाही. खालचं संपूर्ण बूड फिरवून काढलं की हवा भसकन निघून जाते. नवख्यांची ठरलेली चूक अशी की घडी घालताना बूड काढलेलं असतं, पुढच्या वेळी ते अर्धंच फिरवून बसवलं जातं किंवा आट्यांमध्ये वाळूचा कण राहतो. मग होडी हळूहळू मऊ पडते आणि माणसं नसलेलं पंक्चर शोधत बसतात. हवा कमी होतेय असं वाटलं की ठिगळाआधी झडपेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे बहुतेक वेळा तिथेच येतात.

भरायचा क्रम पुस्तिकेत दिलाय तोच ठेवावा. एक बाजू एकदम टम्म फुगवू नये. आधी दोन्ही बाजू आकार येण्याइतक्या, मग तळ, मग पुन्हा बाजू घट्ट करायच्या. एक कप्पा पूर्ण आणि दुसरा रिकामा असेल तर मधल्या पडद्यावर आणि शिवणीवर ओढ येते. हातपंप दांडा वर जातानाही हवा ढकलतो आणि खाली येतानाही, त्यामुळे सरावलेल्या हाताला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. गाडीच्या 12 व्होल्टवर चालणारा हवेच्या गाद्यांचा पंप घेतला तर दम वाचतो, पण शेवटची घट्ट हवा हातानेच भरावी.

आणि हे ठळक अक्षरांत लिहावं असं आहे : पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरच्या दुकानात या होडीत हवा भरू नका. गाडीच्या टायरला 30 पीएसआयच्या (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं माप) वर दाब लागतो. असल्या व्हिनाइलच्या होड्या 1 पीएसआयच्या आसपास भरायच्या असतात. कॉम्प्रेसरची नळी लावली तर शिवण उसवायला काही सेकंद पुरेत, आणि उसवलेली शिवण ठिगळाने धरत नाही.

ऊन इथे फार मोठा खेळ करतं. डिसेंबरात सकाळी 16 अंशांत हवा भरली, होडी काठावर उन्हात पडून राहिली आणि आतली हवा 36 अंशांवर गेली, तर एकूण दाब साधारण 7 टक्क्यांनी वाढतो. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते वातावरणाच्या दाबासकट मोजलेल्या एकूण दाबाचे सात टक्के आहेत. त्यामुळे 1 पीएसआयने भरलेली होडी जवळपास 2 वर पोचू शकते. व्हिनाइल ताणून त्यातलं थोडं खातं, बाकीचं शिवणीवर येतं. म्हणून नाश्त्याला थांबताना होडी झाडाच्या सावलीत ओढायची किंवा प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडायची. उलटंही घडतं. काठावर टणक वाटलेली होडी थंड पाण्यात ठेवली की दहा मिनिटांत मऊ होते. ते पंक्चर नाही. पाण्यात ठेवून थोडं थांबावं, पुन्हा चार-सहा पंप मारावेत आणि मगच पोरांना बसवावं. मऊ होडी मधोमध वाकते, आणि वाकलेली होडी वल्हवणं म्हणजे चिखलातून सायकल ढकलणं.

वल्ही कामचलाऊ आहेत. पाती लहान, आणि 91 सेंटिमीटर रुंदीच्या होडीला 218 सेंटिमीटरचं वल्हं थोडं आखूडच पडतं. पातं पाण्यात नीट जावं म्हणून खांदा वाकवावा लागतो, मनगटं फुगलेल्या भिंतीवर घासतात आणि मांडीवर पाणी ठिबकतं. महिन्यातून दोन-तीनदा जाणार असाल तर मोठ्या माणसासाठी 230 ते 240 सेंटिमीटरचं एक चांगलं वल्हं वेगळं घ्या. पुढे बसणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र खोक्यातलं हलकं वल्हं बरं पडतं. दांड्यावरच्या रबरी कड्या पात्याकडे सरकवून ठेवल्या की ठिबकणं कमी होतं. दांड्याच्या जोडात वाळू गेली तर तो अडकतो, म्हणून घरी आल्यावर जोड सोडवून गोड्या पाण्याने धुवायचे.

वल्हवण्याचं तंत्र थोडक्यात. वल्हं डोक्यावर आडवं धरलं की कोपरं काटकोनात आली पाहिजेत, ती पकड योग्य. ओढताना फक्त दंड वापरू नयेत, कमरेपासून अंग वळवावं. पातं पायाच्या अंगठ्याजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. त्यापुढे ओढलं की जोर होडी पुढे नेण्यात जात नाही, फिरवण्यात जातो. पुढच्याने लय द्यायची, मागच्याने त्याच लयीत मारत दिशा सांभाळायची. म्हणून जड आणि अनुभवी माणूस मागे, लेकरू पुढे. नाक थोडं उचललेलं राहिलं तर चालतं, नाक खाली गेलं की होडी वळता वळत नाही. दोघं सरावले की वेग ताशी 3 ते 4 किलोमीटर येतो. लेकरू असेल तर निम्मा धरा आणि परतीच्या वेळेचा हिशेब त्यावरच करा.

आता जाकीट. कोल्हापूर हे पोहणाऱ्यांचं गाव. पाठीला डबा बांधून पंचगंगेत आणि तळ्यांत पोहायला शिकलेल्या पिढ्या इथे आहेत, आणि 2010च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक आणणारा वीरधवल खाडे याच मातीतला. त्यामुळेच काठावर हमखास ऐकू येतं, "आमच्याला पोहता येतंय, जाकीट कशाला?" पोहता येणं आणि कपड्यांनिशी, अचानक, शेवाळात पडल्यावर पोहता येणं यांत फार अंतर आहे. पाण्यात पडल्यावर पहिल्या काही श्वासांत धाप लागते, तेव्हा तोंड पाण्यावर ठेवायचं काम जाकिटाचं.

जाकिटावर न्यूटनमध्ये आकडा असतो. 50 न्यूटन म्हणजे साधारण 5 किलोची उचल. हे पोहता येणाऱ्या मोठ्यांसाठी, मदत जवळ असताना. 100 न्यूटनच्या जाकिटाला मानेमागे कॉलर असते आणि माणसाला उताणं ठेवण्याच्या हिशेबाने ते बनवलेलं असतं. पोहता न येणाऱ्यांना आणि सगळ्या लहान मुलांना हेच. मुलांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जाकीट वर सरकतं आणि पोरगं खाली. तपासायची रीत सोपी आहे. सगळे पट्टे आवळा, पोराला हात वर करायला सांगा आणि खांद्यांना धरून जाकीट वर उचला. हनुवटी आत गेली, कान झाकले गेले, की माप मोठं आहे. पुढच्या वर्षीही बसावं म्हणून वाढत्या अंगाचं माप घ्यायची सवय शाळेच्या गणवेशापुरती ठेवावी. दंडाला बांधायचे फुगे आणि हवेच्या रबरी रिंगा हे जाकीट नव्हे. एक टाचणी लागली की ते संपले. प्रत्येक जाकिटाला शिट्टी बांधून ठेवा.

बाहेर पडलेल्या माणसाने पुन्हा होडीत कसं चढायचं, हे छातीभर पाण्यात आधी करून पाहा. चढणारा एका बाजूला, दुसरा आत बसून विरुद्ध बाजूला कलतो. चढणाऱ्याने पाय मागे आडवे ताणून जोरात मारायचे, छाती भिंतीवर ओढायची, पोटावर आडवं पडायचं आणि मग वळून बसायचं. पाय होडीखाली गेले की चढता येत नाही, नव्वद टक्के धडपड तिथेच वाया जाते. एकट्या मोठ्या माणसासोबत लहान मूल आत असेल तर हे आणखी कठीण, म्हणून अशा जोडीने काठापासून 30-40 मीटरच्या पुढे जाऊच नये. काठावर 15 मीटरची दोरी असावी, तीही पॉलिप्रॉपिलीनची, कारण ती तरंगते. नायलॉनची दोरी बुडते आणि वल्ह्यात गुंतते.

कुठे न्यायची, हा खरा प्रश्न. रंकाळ्याचं नाव आधी तोंडात येतं. शालिनी पॅलेसच्या बाजूने सकाळचं पाणी पाहिलं की मोह होणारच. पण तो महापालिकेचा तलाव, तिथे स्वतःची होडी घालायची तर परवानगी आधी. शिवाय सांडपाण्याचा आणि जलपर्णीचा त्रास या तलावाने पुष्कळ भोगला आहे. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखा थर दिसला की कोणत्याही तलावात मुलांना नेऊ नये. ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं आणि त्यातलं काही विषारी असतं. पोरांना होडी आवडते का, एवढंच बघायचं असेल तर रंकाळ्यावरच्या भाड्याच्या बोटी सुरू असतील तेव्हा एक फेरी मारून या, मग खरेदीचा विचार करा. हा सल्ला मनापासून आहे, कारण घेतल्यावर माळ्यावर पडून राहिलेली कयाक ही सगळ्यात महाग.

कळंबा तलाव शहराच्या दक्षिणेला, आटोपशीर आणि देखणा, पण त्याचं पाणी पिण्यासाठी वापरलं जातं. तिथे विचारल्याशिवाय आणि लेखी होकाराशिवाय काही करू नये. राधानगरीचा लक्ष्मी तलाव तर विसराच. अभयारण्याच्या हद्दीतलं पाणी आहे ते, आणि धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी पातळीला आलं की आपोआप उघडतात. खाली भोगावतीत त्या काळात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

के2ला साजतात ती गावांलगतची पाझर तलावं आणि लघुपाटबंधाऱ्याची लहान तळी, ज्यांचा एक काठ दुसऱ्या काठावरून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे तीन जणांना विचारायचं असतं. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे तो विभाग किंवा ग्रामपंचायत, मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिची माणसं आणि काठावर मोटारी बसवलेले शेतकरी. पहिला होकार कायद्यासाठी, पण उरलेले दोन जिवासाठी. ठेकेदाराची माणसं जाळी कुठे लावलीत ते सांगतात. पाण्याखाली हातभर उभं असलेलं नायलॉनचं जाळं पंख्यात अडकलं की होडी जागेवर थांबते, आणि पडलेल्या माणसाच्या पायात अडकलं तर फारच वाईट. शिवाय त्यांच्या पोटाचं साधन फाटतं. शेतकरी सांगतात मोटारीच्या वायरी कुठून जातात ते. जुन्या, जोड मारलेल्या केबली पाण्यात लोंबत असतात. मोटारी आणि जॅकवेलपासून (पाणी उपसायची विहीर) किमान 50 मीटर लांब राहावं. सांडव्यावरून पाणी वाहत असेल तर त्या अर्ध्या तलावाकडे फिरकूच नये.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागचं पाणीही फसवं असतं. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घालतात, मग मागे नदी तळ्यासारखी शांत पसरते आणि होडी घालायला बोलावते. पण बरग्यांच्या फटींतून पाणी सतत ओढलं जात असतं. हवेची होडी बंधाऱ्याला चिकटली की ती ओढून काढायला दोन माणसांचं बळ पुरत नाही, आणि बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर पायथ्याशी ते गोल फिरून माणसाला पुन्हा आत खेचतं. त्यात कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात मगरी आहेत. नदी नकोच. जून ते सप्टेंबर तर प्रश्नच नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी कधी गाठते याकडे अख्खा जिल्हा डोळे लावून बसलेला असतो, तेव्हा ओढ्यानाल्यांची तळीही गढूळ आणि ओढाळ असतात.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा जाताना आणखी एक गोष्ट तपासायची. अनंत चतुर्दशी होऊन गेलेली असते. ज्या तळ्यांत विसर्जन होतं तिथे काठालगतच्या पाण्यात मूर्तींचे पाट, खिळे, तारा आणि लाकडी सांगाडे पडलेले असतात. होडी उतरवायच्या जागी वल्ह्याने किंवा काठीने तळ चाचपून घ्या आणि विसर्जनाचा घाट टाळून दुसरीकडून उतरा. मार्चनंतर पाणी ओसरतं, काठाचा चिखल उघडा पडतो आणि कोरडा दिसणाऱ्या त्या भेगाळ थराखाली गुडघाभर गाळ असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव कधी उठेल सांगता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत बाहेर यायचं, आणि ढगांचा गडगडाट कानावर आला की त्याच क्षणी काठ धरायचा.

वारा हा या होडीचा खरा शत्रू. ती पाण्यावर उंच आणि वजनाला हलकी, म्हणजे अर्धं शीडच. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हापासून दोन-अडीच तास पाणी आरशासारखं असतं. दहानंतर ते चुरगळायला लागतं. गावच्या देवळावरचा झेंडा पाहा. तो लोंबत असेल किंवा मधूनच हलत असेल तर उतरा. सतत फडफडत असेल तर मुलांना घेऊन नको. हलका वारा असला तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि परत येताना तो पाठीशी घ्यायचा. उलटं केलं तर दमलेल्या पोरांसकट वाऱ्याशी झुंजत यावं लागतं. जलपर्णीचे तराफे वाऱ्याने सरकतात, येताना मोकळी असलेली वाट अर्ध्या तासात बंद होऊ शकते. म्हणून बांधाच्या ज्या कोपऱ्यात वारा कचरा ढकलतो तिथून कधी उतरू नये.

पक्ष्यांसाठी मात्र ही होडी फार सुंदर आहे. इंजिन नाही, आवाज नाही. पाणकावळे, खंड्या, पानांवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, काळ्याभोर अंगावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी पोरांना एवढ्या जवळून एरवी दिसत नाहीत. थव्यापासून 50 मीटर लांब थांबा आणि वल्हं मांडीवर ठेवा. पक्षी माना ताठ करून एका दिशेला सरकू लागले की आपण जास्त जवळ आलो आहोत. लव्हाळ्याच्या आणि पाणकणसाच्या झुडपात नाक घालू नका, घरटी तिथेच असतात.

काटा शेवटी कधीतरी लागणारच. पंक्चरवाल्याकडची सायकल ट्यूबची सोल्यूशन या प्लॅस्टिकवर टिकत नाही, ती रबरासाठी असते. पीव्हीसी किंवा व्हिनाइलसाठीचा वेगळा डिंक मिळतो, तो आणून ठेवा. हवा पूर्ण काढा, जागा स्पिरिटने पुसा, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा आणि पुन्हा पुसा. ठिगळ भोकाच्या चारी बाजूंनी अडीच सेंटिमीटर मोठं, कोपरे गोल कापलेले, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. डिंक दोन्हीकडे पातळ लावून किंचित चिकट होऊ द्या, ठिगळ दाबा, सपाट वजन ठेवा आणि एक पूर्ण दिवस हात लावू नका. तलावाकाठी तात्पुरतं ठिगळ मारून पोरांना पुन्हा बसवणं नको, त्या दिवसापुरती फेरी संपली असं समजा. आत बसलेलं पाणी काढायला अर्धी कापलेली बाटली आणि मोठा स्पंज जवळ असावा. या होडीत आलेलं पाणी आपोआप बाहेर जात नाही.

घरी आल्यावर अर्धा तास कामाचा आहे. गुरं धुतली जातात अशा तळ्यातून आला असाल तर होडीबरोबर हातपायही साबणाने धुवा, आणि ज्याच्या अंगावर उघडी जखम आहे त्याने मुळात पाण्यात उतरूच नये. लेप्टोचा (गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) धोका अशाच पाण्यात असतो. होडी थोडी फुगवून सावलीत वाळवा. सीटखालच्या आणि तळाच्या खोबणींत ओल राहते, तिथेच बुरशीचे काळे डाग पडतात. कोरडं फडकं बोटाला गुंडाळून खोबणीतून फिरवा. घडी सैल ठेवा, दरवेळी त्याच जागी दुमडू नका. पंखा काढून वेगळा ठेवा, घडीत वाकला की वाकडाच राहतो. आणि उंदरांपासून जपा. पत्र्याच्या पेटीत किंवा झाकणाच्या ड्रममध्ये ठेवलेली होडी वर्षानुवर्षं टिकते, माळ्यावर खोक्यात ठेवलेली एका पावसाळ्यात कुरतडली जाऊ शकते.

खरेदीचा क्रम आमच्या मते असा : आधी प्रत्येकाच्या मापाची जाकिटं, मग तरंगणारी दोरी, मग होडी, आणि पैसे उरले तर एक लांब वल्हं. होडी घरी आली की त्याच दिवशी खोलीत सावलीत भरा. प्रत्येक झडपेला साबणाचं पाणी लावून पाहा आणि 24 तास तशीच ठेवा. नवं व्हिनाइल पहिल्यांदा ताणतं, म्हणून सकाळी थोडी मऊ लागली तर घाबरायचं कारण नाही. पुन्हा भरून आणखी एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशीही एकच कप्पा बाकीच्यांपेक्षा जास्त बसला असेल तर बदलून देण्याची मुदत संपायच्या आत परत पाठवा.